गोदाकाठचा ख्रिस्ती कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

नाशिक म्हटलं की काय आठवतं? रामकुंड, पंचवटी, काळाराम मंदिर, कुंभमेळा, द्राक्षं, चिवडा, मिसळ... आणि अलीकडे चौकाचौकात उगवलेली इंजिनिअरिंग कॉलेजं! या यादीत ख्रिस्ती साहित्याचं नाव कुणी घालणार नाही. पण आपण रोज ज्या शरणपूर रोडवरून ये-जा करतो, त्या शरणपूरची सुरुवात ख्रिस्ती वसाहत म्हणूनच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने ती वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहून शिकली आणि त्यातली काही पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या आफ्रिकेतल्या मोहिमेतही गेली. म्हणजे या गावाला ख्रिस्ती इतिहास आहे, आणि तो चांगला लांबलचक आहे.

या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. टिळक म्हटल्यावर आपल्याला लोकमान्यच आठवतात, आणि ते साहजिक आहे. पण हे दुसरे टिळकही आपल्या ओळखीचे आहेतच की! ‘केवढे हे क्रौर्य’ ही जखमी पक्षिणीची कविता आपल्या आई-बाबांच्या पिढीला पाठ असायची. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची पदवीसुद्धा मराठीच्या पेपरात एका मार्काला येऊन गेली असेल. मला मात्र इथे त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल लिहायचंय. ख्रिस्ती धर्माची शिकवण त्यांनी मराठीत आणली, म्हणजे नुसती भाषांतर करून नाही, तर अभंगात, ओवीत, कीर्तनात आणली. हे करताना त्यांनी काय मिळवलं, काय गमावलं आणि दुसऱ्याला काय सोसायला लावलं, त्याची ही गोष्ट.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सकाळी असेंब्लीत इंग्रजी हिम्स आणि संध्याकाळी घरी आजीचा हरिपाठ, असे दहा वर्षं माझे दोन वेगळे डबे होते. एकातलं दुसऱ्यात सांडायचं नाही! टिळकांचे ख्रिस्ती अभंग जेव्हा पहिल्यांदा वाचले तेव्हा हे दोन्ही डबे एकाच ताटात वाढलेले दिसले. म्हणून हा लेख.

टिळकांच्या आधी काय होतं ते आधी थोडक्यात पाहू, म्हणजे त्यांनी नवीन काय केलं ते कळेल. मराठीतलं ख्रिस्ती लेखन चारशे वर्षं जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि छपाई मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांनी बायबलची मराठी भाषांतरं काढायला सुरुवात केली. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यात धर्मचर्चा तर असायचीच, शिवाय बातम्या, शास्त्र, समाजसुधारणा असं सगळं असायचं. मग बाबा पदमनजी आले. त्यांचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांमध्ये गणलं जातं, आणि ख्रिस्ती तत्त्वांवर त्यांनी ढीगभर पुस्तकं लिहिली. कॅथलिकांचं ‘निरोप्या’ मासिक १९०३ साली नगर जिल्ह्यातल्या केंदळ गावातून निघालं. म्हणजे पुस्तकांची आणि मासिकांची वाण नव्हती.

मग अडचण काय होती? अडचण भाषेची होती. मिशनरी मंडळींनी मराठी शिकून लिहिलेली पुस्तकं बहुतेक वादाच्या सुरात होती. तुमचं चूक, आमचं बरोबर, आणि त्याची ही कारणं, असं. चर्चमधली गाणी बरीचशी इंग्रजीतून भाषांतरित, आणि चालीही तिकडच्याच. मराठी शब्द त्या चालीत बसवताना र्‍हस्व-दीर्घाचे जे हाल होतात ते ज्यांनी डब केलेल्या जाहिराती ऐकल्यात त्यांना वेगळं सांगायला नको! वाचणाऱ्याला अर्थ कळायचा, पण तो आपला वाटायचा नाही.

आता टिळकांकडे येऊ. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई प्रेमळ, कवितेची आवड असलेली. लहानपणीची काही वर्षं कल्याणला गेली. अकरा-बारा वर्षांचे असताना आई वारली आणि घराशी नातंच सुटलं. मुलगा नाशिकला आला. इथे त्याला गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे विद्वान गुरू भेटले. संस्कृत काव्य, अलंकार, पुराणं हे सगळं तो गोदाकाठी शिकला. मग दोन वर्षं नाशिकच्या हायस्कुलात इंग्रजी. तेवढंच त्यांचं रीतसर शिक्षण! भावंडांच्या जबाबदारीमुळे शाळा सोडून नोकरी धरावी लागली. ज्यांच्यावर पुढे प्रबंध लिहिले गेले त्यांच्याकडे साधं मॅट्रिकचंही सर्टिफिकेट नव्हतं. एखादी केटी राहिली म्हणून जगबुडी आल्यासारखं तोंड करून बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

लग्न झालं तेही नाशिकचंच स्थळ. गंगापूरजवळ गोदेच्या काठी जलालपूर हे छोटं गाव आहे. तिथल्या गोखल्यांची मनकर्णिका, वय वर्षं अकरा, ही टिळकांची बायको झाली आणि तिचं नाव लक्ष्मी ठेवलं गेलं. तिचे वडील इतके सोवळे की धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. असल्या घरातून आलेली मुलगी, आणि नवरा कसा, तर घटकेत इथे, घटकेत तिथे. टिळक एका जागी टिकणारे नव्हते. कधी शिक्षक, कधी पुराण सांगणारे, कधी छापखान्यात कंपोझिटर. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे. रागावले की घर सोडून चालू पडायचे, आणि बायको कुठल्या तरी नातेवाइकाच्या दारात वाट बघत बसायची. कवीबरोबर राहणं म्हणजे काय असतं ते लक्ष्मीबाईंनी नंतर ‘स्मृतिचित्रे’त लिहिलंय, आणि तेही इतकं हसतखेळत की वाचताना आपण हसतो आणि मग आपल्यालाच कसंतरी होतं.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला गेले. तिथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं भाषांतराचं काम मिळालं. ‘ऋषि’ नावाचं मासिकही ते चालवायचे. विषय हिंदू धर्माचाच होता. पण डोक्यात स्वस्थता नव्हती. जातिभेद त्यांना पटत नव्हता. देशाचं भलं व्हायचं तर आधी धर्म सुधारला पाहिजे असं त्यांचं मत होत चाललं होतं. सगळ्यांना एकत्र आणणारा एखादा नवाच धर्म स्वतः मांडावा, इथपर्यंत विचार गेला होता. म्हणजे ते कुणाच्या आमिषाला भुलणाऱ्यातले नव्हते. त्यांना एक प्रश्न सुटत नव्हता आणि उत्तर कुठेही मिळालं तरी चालणार होतं.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून सुरू होऊन धर्मावर आल्या. वॉर्डसाहेबांनी त्यांना बायबल वाचायला दिलं आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही करून टाकलं. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटलं असणार. पुस्तक मात्र त्यांनी वाचलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाच ते सात या अध्यायांत डोंगरावरचं प्रवचन आहे. शत्रूवर प्रेम करा, दुसऱ्याचे दोष काढू नका, नम्र लोक धन्य आहेत, अशी ती शिकवण. तिथे ते थांबले. बाकीचे सगळे तात्त्विक प्रश्न, त्रैक्य म्हणजे काय, पाप म्हणजे काय, तारण कसं होतं, हे नंतर आले. आधी ख्रिस्त हा माणूस त्यांना पटला आणि मग त्याच्यामागचं शास्त्र. मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाची किल्ली इथेच आहे.

नंतरची दोन वर्षं चोरून वाचन, चोरून पत्रव्यवहार, वादविवाद यात गेली. मुंबईला अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट होते. (मराठी संतांची चरित्रं पुढे इंग्रजीत नेणारे ते हेच अ‍ॅबट!) शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतलं ते भाकीत दोन वर्षांच्या आसपासच खरं ठरलं.

बातमी पसरली आणि आकाश कोसळलं. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. पदरात लहान मुलगा दत्तू. सासर-माहेरच्या लोकांच्या दृष्टीने टिळक मेल्यातच जमा, पण ते जिवंत असल्यामुळे बाई धड सुवासिनीही नाही आणि विधवाही नाही. आज आपण धर्मांतर हा शब्द पेपरात वाचतो तेव्हा दोन्ही बाजूंचे मोठमोठे मुद्दे असतात. पण इथे एका बाईचा संसार एका दिवसात मोडला होता आणि निर्णय घेताना तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. टिळकांचं कितीही कौतुक असलं तरी हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांना स्वतःच्या विवेकाप्रमाणे वागायचा हक्क होता, हे मान्य. पण त्याची निम्मी किंमत त्यांनी परस्पर दुसऱ्याच्या खात्यातून दिली.

लक्ष्मीबाई नवऱ्यापासून दूर राहिल्या. पंढरपुरात राहिल्या, नातेवाइकांकडे राहिल्या, आजारपणं काढली. टिळक पत्रं लिहीत, कविता लिहीत, पैसे पाठवत. त्यांनी एक गोष्ट मात्र चांगली केली. त्यांनी बायकोवर बाप्तिस्म्याची जबरदस्ती केली नाही. काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले तेव्हा लक्ष्मीबाई आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या. एका छपराखाली दोन धर्म! मग हळूहळू त्यांनी स्वतःच विचार केला. आधी त्यांनी जात सोडली, म्हणजे माणसामाणसांत देवाने भेद केलेला नाही हे त्यांना पटलं आणि कुणाच्याही हातचं खायला त्यांनी सुरुवात केली. ख्रिस्ताकडे त्या त्याच्यानंतर आल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत.

टिळकांचं कामाचं गाव झालं अहमदनगर. तिथे ते शिकवत, प्रवचनं करत, १९०४ मध्ये त्यांना रेव्हरंड म्हणून दीक्षा मिळाली. प्लेग, दुष्काळ, अनाथ मुलं हे सगळं त्यांच्या घरात येऊन राहायचं. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाच्या वेळी ओळख झालेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा पोरगाही नंतर त्यांच्याकडेच येऊन राहिला. तोच आपला बालकवी. आणि या सगळ्या गडबडीत टिळक लिहीत होते.

आता त्यांनी नेमकं केलं काय ते सांगते. समजा तुम्हाला ख्रिस्ती शिकवण मराठीत सांगायची आहे. देव माणूस झाला हे कसं सांगाल? आपल्याकडे तयार शब्द आहे, अवतार. पण अवतार दहा असतात, आणि ख्रिस्ती मताप्रमाणे हे एकदाच घडलं. म्हणून धर्मशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘देहधारण’ हा शब्द वापरतात. अर्थाने अगदी बिनचूक, पण देहधारण म्हणून कुणाच्या डोळ्यांत पाणी येईल का? उलट अवतार म्हटलं तर आपलं वाटतं, पण अर्थ घसरतो. कृपा, पाप, तारण, प्रायश्चित्त, मुक्ती अशा प्रत्येक शब्दापाशी हाच घोटाळा. आपल्या भाषेत सांगायचं तर हा इंटरफेसचा प्रॉब्लेम आहे. दोन्ही बाजूंची मशिनं चांगली, पण जोडणारी पिन जुळत नाही.

टिळकांनी शब्दांच्या व्याख्या करत बसण्याऐवजी नाती उचलली. वारकऱ्याचं विठोबाशी जे नातं, तेच त्यांनी ख्रिस्ताशी जोडलं. ख्रिस्त गुरू, ख्रिस्त सखा, ख्रिस्त चक्क माउली. युरोपातल्या चर्चमध्ये देवाला बाप म्हणतात, आई म्हणायची पद्धत फारशी नाही. ज्ञानोबाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्रात मात्र हे लगेच कळतं. मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते स्वतःबद्दल सांगत. म्हणजे ख्रिस्ती होण्यासाठी तुकाराम टाकावा लागतो हे त्यांना कबूल नव्हतं. त्यांचे अभंग ‘अभंगांजली’त आहेत. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे जे गीतांचं पुस्तक वापरतात त्यात शंभराहून जास्त गीतं त्यांची आहेत. एखाद्या रविवारी अशा चर्चच्या बाजूने जाताना पेटी-तबल्यावर अभंगाची चाल ऐकू आली तर समजावं, त्यामागे हा नाशिकला शिकलेला माणूस असण्याची बरीच शक्यता आहे. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनं त्यांच्या आधीपासून होत होती. टिळकांनी स्वतः कीर्तनं केली आणि तो प्रकार लोकप्रिय केला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही धर्मशास्त्र ऐकता येतं, हे त्यामागचं साधं कारण.

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. हिंदूंना वाटे, हा आपला असून गेला. काही ख्रिस्ती लोकांना वाटे, हा आमच्यात येऊनही पुरता आला नाही. नाव तेच, धोतर-पागोटं तेच, देशभक्तीच्या कविता तशाच जोरात. टिळकांचं म्हणणं असं की ख्रिस्ती होणं म्हणजे परदेशी होणं नाही. हिंदी चर्च हिंदी लोकांनी चालवलं पाहिजे, मिशनच्या पगारावर आणि साहेबाच्या हुकमावर नाही. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक झाले आणि शेवटपर्यंत ते काम त्यांच्याकडे राहिलं. ज्या पत्राशी त्यांची ओळख धर्मांतराच्या आधीची, त्याच पत्राची लेखणी आता त्यांच्या हातात होती. मिशनच्या पत्रात बसून मिशनच्या पद्धतीवर टीका करायची, हे धाडस त्यांनी केलं. आणि मिशननेही ते चालू दिलं, हेही सांगायला हवं.

१९१७ मध्ये तर त्यांनी मिशनची नोकरीच सोडून दिली. वय पंचावन्न, तब्येत बेताची, शिल्लक काही नाही. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा आश्रम काढला. कल्पना अशी की ख्रिस्ताला मानणारा कुणीही इथे यावा, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. विचार करा, ज्या विधीसाठी त्यांनी स्वतः संसार पणाला लावला होता, तो विधी इतरांसाठी त्यांनी दाराबाहेरची अट म्हणून ठेवला नाही. आपल्यावर जी वेळ आली ती दुसऱ्या कुटुंबावर येऊ नये असं त्यांच्या मनात असेल का? असावं, असं मला वाटतं. ‘देवाचे राज्य’ हा बायबलमधला शब्दही त्यांनी आपल्या पद्धतीने ‘दरबार’ केला, हेही बघण्यासारखं आहे. दरबारात कुणालाही फिर्याद घेऊन जाता येतं.

दरबार फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दफन न करता दहन केलं गेलं आणि अस्थी नगरला नेल्या. शेवटच्या प्रवासातही त्यांनी दोन्हीकडचं थोडं थोडं सोबत घेतलं.

आणि एक मोठं काम अर्धवट राहिलं. अर्धवट म्हणणंही जास्तच होईल. ‘ख्रिस्तायन’ नावाचं ओवीबद्ध महाकाव्य टिळकांनी सुरू केलं होतं. रामायण तसं ख्रिस्तायन. स्टीफन्सने तीनशे वर्षांपूर्वी जे केलं ते पुन्हा एकदा, पण आता इथल्या माणसाच्या हातून. त्याचे सुरुवातीचे मोजके अध्याय लिहून झाले आणि कवीच गेला. कॉलेजच्या भाषेत, टायटल पेज आणि पहिलं चॅप्टर तयार, बाकी प्रोजेक्ट शिल्लक!

ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले.

या वाक्यावर जरा थांबा. या बाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. लिहाय-वाचायला नवऱ्याने घरी शिकवलं, तेही रागावत, थांबत, पुन्हा सुरू करत. इंग्रजी येत नाही, हिब्रू-ग्रीकचा तर प्रश्नच नाही. सेमिनरीतली धर्मशास्त्राची जाडजूड पुस्तकं त्यांच्या वाट्याला आली नाहीत. पण ओवी त्यांना कुणी शिकवावी लागली नाही. ती जात्यावर असते, पाळण्यापाशी असते, पोथीत असते. जलालपूरच्या मुलीच्या कानात ती लहानपणापासून होती. टिळकांचं आयुष्यभराचं म्हणणं असं की ख्रिस्ताची शिकवण मराठी माणसाला त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि छंदात कळली पाहिजे. ते खरं की खोटं याची याहून अवघड परीक्षा कुठली असणार? ज्या बाईला या शिकवणीने सगळ्यात जास्त रडवलं, तिनेच ती समजून घेऊन ओवीत पुरी केली. टिळकांच्या कामाचं एवढं मोठं सर्टिफिकेट दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

लक्ष्मीबाईंची शेवटची वर्षं नाशिकात गेली. मुलगा देवदत्त, म्हणजे तो लहानगा दत्तू, स्वतः लेखक-संपादक झाला होता, आणि ‘ज्ञानोदय’ची धुरा पुढे त्यानेही वाहिली. १९२७ साली पहिलं मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं तेही नाशिकलाच. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये पुस्तकरूपाने आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई इथेच वारल्या. ‘ज्ञानोदय’ मात्र त्यानंतरही चालत राहिलं आणि त्याने दीड शतकाहून मोठा टप्पा गाठला. मराठीत एवढं आयुष्य फार थोड्या नियतकालिकांना मिळालंय.

मित्रमैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल की आपण इंजिनिअरिंगवाले, आपल्याला कुठल्याही धर्माच्या शास्त्राशी काय करायचंय? मला टिळकांकडून घ्यावीशी वाटलेली गोष्ट धर्माच्या पलीकडची आहे. आपणही सगळं परक्या भाषेतून शिकतो. थर्मोडायनॅमिक्स इंग्रजीत, व्हायवा इंग्रजीत, आणि होस्टेलवर एकमेकांना समजावताना मात्र मराठीत, तेव्हा कुठे डोक्यात शिरतं! एखादी गोष्ट बाहेरून आली म्हणून ती परकी राहत नाही. ती आपल्या भाषेत नीट बसवणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम पारिभाषिक शब्दांची यादी करून होत नाही. त्याला तुकाराम माहीत असावा लागतो आणि नवी गोष्टही तितकीच मनापासून पटलेली असावी लागते. टिळकांना दोन्ही होतं.

त्यांचा विश्वास आपला असो वा नसो, त्यांची पुस्तकं आपली आहेत, कारण ती आपल्या भाषेत आणि निम्मी आपल्या गावच्या माणसांनी लिहिली आहेत. परीक्षा संपली की लायब्ररीतून आधी ‘स्मृतिचित्रे’ काढा, एका रात्रीत होईल. मग ‘अभंगांजली’ बघा. ‘ख्रिस्तायन’ला वेळ लागेल, पण घरी आजी असेल तर एखादा अध्याय तिला मोठ्याने वाचून दाखवा. ओवीचा ठेका ती लगेच धरेल. बाकीचं मग आपोआप कळत जातं.